‘तेव्हा’ आणि ‘तर’: मुलाखतीतले जुळे वाटणारे दोन प्रश्न

‘माप चुकलं तेव्हा तुम्ही काय केलंत?’ आणि ‘माप चुकलं तर तुम्ही काय कराल?’ प्रशिक्षण संपवून प्लेसमेंटच्या शेवटच्या फेरीत बसलेल्या उमेदवाराला हे दोन्ही प्रश्न सारखेच ऐकू येतात. समोर प्लांट हेड किंवा उपाध्यक्ष, घशाला कोरड, ‘माप चुकलं’ एवढंच कानात शिरतं आणि घोकून ठेवलेलं उत्तर सुटतं. प्रश्न ‘तेव्हा’चा, उत्तर ‘तर’चं: ‘सर, मी आधी शांत राहीन, मग कारण शोधेन...’ समोरचा ऐकून घेतो, पण त्याने घडलेली गोष्ट मागितली होती आणि हाती आला तो निबंध.

या दोन प्रश्नांची घडण वेगळी आहे. १९८० मध्ये गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘तर’ची मुलाखत मांडली. माणूस जे करायचं ठरवतो त्यावरून तो पुढे कसा वागेल याचा अंदाज येतो, हा तिचा पाया. १९८२ मध्ये टॉम जॅन्झ यांनी ‘तेव्हा’ची बाजू घेतली: माणूस पुढे कसा वागेल हे तो पूर्वी कसा वागला त्यावरून कळतं. एचआरची माणसं यांना सिच्युएशनल आणि बिहेवियरल प्रश्न म्हणतात. उमेदवाराला नावांशी कर्तव्य नाही, क्रियापदाचा काळ ओळखता आला की पुरे. ‘केलंत’, ‘झालं होतं’, ‘एखादा प्रसंग सांगा’ म्हणजे तेव्हा. ‘समजा’, ‘झालं तर’, ‘कराल’ म्हणजे तर.

फसवा असतो तो तिसराच, रोजच्या वर्तमानकाळातला: ‘दबाव आला की तुम्ही कसं काम करता?’ याला ‘मी यादी करतो, महत्त्वाचं आधी घेतो’ असं उत्तर दिलं तर ते कोणाच्याही तोंडी शोभेल. हा प्रश्न ‘तेव्हा’चाच धरावा आणि एक घडलेला प्रसंग द्यावा.

‘तेव्हा’च्या उत्तराला नोकरीचा अनुभव लागत नाही, प्रशिक्षणातला एक दिवस पुरतो. सीएनसी लेथवरचा, म्हणजे संगणकाच्या हुकमाने धातू कातणाऱ्या यंत्रावरचा, प्रसंग घेऊ. त्यावर घडणारा प्रत्येक भाग म्हणजे जॉब, कातणारं बदलतं पातं म्हणजे इन्सर्ट, त्या पात्याची यंत्राला दिलेली नेमकी जागा म्हणजे ऑफसेट आणि बारीक माप घेणारं साधन म्हणजे मायक्रोमीटर. ड्रॉइंगमध्ये व्यास २५ मिमी, मुभा अधिक-उणे ०.०२. दर दहा जॉबमागे एक मोजायचा. विसावा २५.०१ आला, तिसावा २५.०३. आता उत्तर: ‘मी मशीन थांबवलं. मायक्रोमीटरचं शून्य तपासलं, ते बरोबर होतं. विसावा मापात होता, म्हणून एकविसाव्यापासूनचे सगळे मोजले. शेवटचे चार मुभेच्या वर गेले होते. ते लाल पेटीत वेगळे ठेवले आणि सुपरवायझरना सांगितलं. इन्सर्टची धार झिजली होती. त्यांच्या परवानगीने इन्सर्ट बदलला, ऑफसेट पुन्हा घेतला, पुढचा पहिला जॉब मोजून मगच काम चालू केलं. त्या चारांचं रिवर्क (दुरुस्ती) की स्क्रॅप (भंगार) हे क्वालिटी विभागाने ठरवलं.’ एवढं बोलायला मिनिटभरही लागत नाही. दीड-दोन मिनिटांच्या पुढे गेलं की ऐकणाऱ्याची नजर घड्याळाकडे वळते.

या उत्तराचा जीव आकड्यांत आहे, कारण खरी परीक्षा पुढच्या प्रश्नांत असते. वरिष्ठ अधिकारी शॉपफ्लोअरवरून वर चढलेला असेल तर हमखास विचारतो: ‘जॉब गरम असताना मोजला नव्हतात ना?’ ज्याने खरंच मोजलं आहे त्याला हिशोब मांडता येतो. स्टीलचा २५ मिमी व्यास २० अंशांनी तापला तरी साधारण ०.००६ मिमी वाढतो, त्यामुळे विसाव्या आणि तिसाव्या जॉबमधला ०.०२ चा फरक एकट्या उष्णतेचा नव्हे. रचलेली गोष्ट इथेच फाटते. रचणारा शेवट रचतो, मधला मायक्रोमीटर रचायला विसरतो. म्हणून तसा प्रसंग घडलाच नसेल तर सरळ सांगावं: ‘असं घडलं नाही, पण जवळचं एक घडलं होतं, ते सांगू का?’ याने गुण जात नाहीत.

आणखी एक चूक खास आपल्या बोलण्यातली. ‘आम्ही मशीन थांबवलं’, ‘मग माप तपासण्यात आलं’, ‘इन्सर्ट बदलला गेला’. मी-मी करू नये हा संस्कार चांगला, पण इथे त्यामुळे उमेदवारच गायब होतो. गटाचं काम असेल तर गट एका वाक्यात सांगून टाकावा, ‘चौघांचा प्रोजेक्ट होता, मोजमाप माझ्याकडे होतं’, आणि पुढे ‘मी’वर यावं.

‘तर’च्या प्रश्नाचा खेळ निराळा. त्यात बहुधा दोन योग्य गोष्टींची टक्कर लावलेली असते: ‘समजा शिफ्ट संपायला दहा मिनिटं आहेत, गाडी माल घ्यायला उभी आहे, शेवटच्या पेटीतला एक जॉब मापाबाहेर निघाला आणि सुपरवायझर म्हणतात, जाऊ दे. काय कराल?’ एका पारड्यात गाडीची वेळ आणि वरिष्ठाचा शब्द, दुसऱ्यात माप. नीट बेतलेल्या मुलाखतीत चांगलं, मधलं आणि वाईट उत्तर कसं असेल याचे नमुने आधीच लिहून ठेवलेले असतात.

इथे दोन टोकं पडतात. एक शूरवीर: ‘मी गाडी अडवेन.’ प्रशिक्षणार्थीला तो अधिकार कोणी दिला? दुसरा आज्ञाधारक: ‘सर सांगतील तसं करेन.’ मग मापाची जबाबदारी कोणाची? मधला रस्ता क्रमात आहे. आधी एखादा प्रश्न विचारून घ्यावा, कारण ‘तर’मध्ये माहिती मुद्दाम अपुरी ठेवलेली असते: ‘पेटीतले बाकीचे जॉब मोजलेले आहेत का?’ मग आपल्या हातातलं सांगावं: तो जॉब वेगळा काढून खूण करेन, उरलेली पेटी मोजायला किती मिनिटं लागतील ते सुपरवायझरना सांगेन, तरी ते ‘जाऊ दे’ म्हणाले तर क्वालिटीला कळवेन आणि तसं त्यांनाही सांगेन, शिफ्टच्या नोंदवहीत लिहीन. यातला ‘त्यांनाही सांगेन’ महत्त्वाचा. तो नसेल तर तीच कृती चहाडी वाटते.

‘तर’ला जुनी गोष्ट उत्तर म्हणून देऊ नये. ‘एकदा असंच झालं होतं’ अशी सुरुवात झाली की समोर ठेवलेला पेच बाजूला पडतो. निर्णय सांगून झाल्यावर आधार म्हणून ती एका वाक्यात आली तर चालते.

वरच्या पदावरचा माणूस बहुधा छापील प्रश्नावली घेऊन बसत नाही. तो दोन्ही एका दमात मिसळतो: ‘तेव्हा दहा जॉब पुन्हा मोजलेत, ठीक. उद्या आमच्याकडे तेच झालं तर?’ पुष्कळ जण इथे पहिलंच उत्तर भविष्यकाळात फिरवून सांगतात. त्याला हवा असतो दोहोंमधला फरक, म्हणजे तेव्हा काय राहून गेलं होतं ते: ‘सर, विसावा २५.०१ आला, तेव्हाच माप वर सरकत होतं. आता मी दहाऐवजी पाच जॉबमागे मोजेन.’