बटरफ्लाय व बॅकस्ट्रोक (दिव्यांग जलतरण, एस–७ वर्ग)

शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या जलतरणपटूंच्या दहा वर्गांपैकी सातव्या वर्गात पोहले जाणारे दोन प्रकार. बटरफ्लायमध्ये पोटावर पोहत दोन्ही हात एकाच वेळी पाण्यावरून पुढे आणतात, तर बॅकस्ट्रोकमध्ये पाठीवर पोहतात. महाराष्ट्रात या वर्गाची ओळख मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातील करमाळ्याचे जलतरणपटू सुयश नारायण जाधव (जन्म २८ नोव्हेंबर १९९३) यांच्या कारकिर्दीमुळे झाली.

वर्गाच्या नावातील ‘एस’ हे अक्षर फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लाय यांना मिळून लावतात. ब्रेस्टस्ट्रोकसाठी (बेडकासारखे पोहण्याचा प्रकार) ‘एसबी’ आणि चारही प्रकार एकत्र असलेल्या मिश्र शर्यतीसाठी ‘एसएम’ अशी वेगळी गणना असते. १ ते १० हे वर्ग शारीरिक, ११ ते १३ दृष्टिविषयक आणि १४ हा बौद्धिक दिव्यांगत्वासाठी आहे. शरीराच्या पूर्ण कार्यक्षमतेला ३०० गुण धरून १९१ ते २१५ गुण मिळणाऱ्या जलतरणपटूचा समावेश एस–७ मध्ये होतो. वर्ग कार्यक्षमतेवरून ठरत असल्यामुळे एका पायाने व एका हाताने अधू असलेला, शरीराची एक बाजू लुळी पडलेला आणि दोन्ही हात गमावलेला असे तीन निराळे जलतरणपटू एकाच शर्यतीत शेजारच्या मार्गिकांत दिसू शकतात. त्यामुळे प्रेक्षकाला शर्यत पुष्कळदा विषम वाटते. पायांत जोर असलेला जलतरणपटू उडीत आणि पाण्याखालच्या टप्प्यात पुढे जातो, तर हात शाबूत असलेला पुढच्या अंतरात त्याला गाठू पाहतो.

बटरफ्लायच्या उगमाविषयी एकमत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सिडनी कॅव्हिल यांना त्याचे जनकत्व देण्याची प्रथा जुनी आहे. जर्मनीचे एरिक राडेमाखर यांनी १९२६–२७ च्या सुमारास ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत हात पाण्यावरून पुढे आणण्याची पद्धत वापरल्याचे सांगितले जाते, तर अमेरिकेचे हेन्री मायर्स यांचे नाव १९३३ च्या संदर्भात घेतले जाते. दोन्ही पाय जोडून माशासारखा फटका मारण्याची जोड मात्र आयोवा विद्यापीठातील प्रशिक्षक डेव्हिड आर्मब्रस्टर आणि त्यांचे शिष्य जॅक सीग यांनी १९३४–३५ च्या आसपास दिली, असे बहुतेक क्रीडा-इतिहासकार मानतात. जपानचे जिरो नागासावा गुडघ्याच्या दुखण्यामुळे स्वतंत्रपणे याच फटक्याकडे वळले, असाही एक मत-प्रवाह आहे. हातांची क्रिया आणि पायांची क्रिया यांचा उगम वेगवेगळा धरला, तर या मतांतील बराचसा विरोध मावळतो आणि तसे धरणेच अधिक सयुक्तिक दिसते. तोवर ही सारी ब्रेस्टस्ट्रोकचीच रूपे मानली जात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रेस्टस्ट्रोकच्या अंतिम फेरीतील बहुतेक पुरुष जलतरणपटूंनी हात पाण्यावरूनच फिरवले होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकनंतर दोन्ही प्रकार नियमाने वेगळे झाले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये बटरफ्लायची स्वतंत्र शर्यत प्रथम झाली. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये डॉल्फिन किकला (दोन्ही पाय जोडून मारलेल्या वरील फटक्याला) त्यानंतर पूर्ण मज्जाव होता. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्या कोसुके किताजिमा यांच्या पोहण्यावरून वाद उठल्यानंतर, २००५ पासून सुरुवातीला व प्रत्येक वळणानंतर अशी एकच किक मारण्याची मुभा मिळाली.

बॅकस्ट्रोकचा इतिहास तुलनेने सरळ आहे. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकपासून ही शर्यत आहे. १९८८ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिड बर्कॉफ यांनी पाण्याखालून दीर्घ अंतर कापल्यावर त्या अंतरावर मर्यादा आली आणि आज ती १५ मीटर आहे.

जाधव यांच्यासारख्या, कोपराखाली हात नसलेल्या जलतरणपटूला पाणी धरायला पंजा नसतो आणि मागे लोटायला मनगटापर्यंतचे पाते नसते. फ्रीस्टाइलमध्ये गतीचा मोठा वाटा हातांचा असल्यामुळे हे नुकसान तेथे फार जाणवते. बटरफ्लायमध्ये छातीपासून पायांच्या बोटांपर्यंत जाणारी लाट आणि डॉल्फिन किक यांचा वाटा मोठा असल्याने ते काही अंशी भरून निघते. शर्यतीच्या शेवटी मात्र दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला टेकवावे लागतात. पंजे नसतील तर तेवढे अंतर धड पुढे नेऊनच भरावे लागते आणि ५० मीटरच्या शर्यतीत त्याची किंमत मोजावी लागते. बॅकस्ट्रोकची अडचण आरंभी असते. धरण्यासाठी असलेल्या दांड्याला हात घालता येत नसल्यास सहायकाने धरलेला टॉवेल किंवा पट्टा दातांत पकडून सुरुवात करण्याची सोय नियमांत आहे. मिश्र शर्यतीत बॅकस्ट्रोक दुसऱ्या टप्प्यात, बटरफ्लायनंतर येतो व भिंतीवरून पायाने रेटा देऊनच सुरू होतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर बॅकस्ट्रोक खालच्या पाच वर्गांपुरता असतो आणि एस–७ साठी १०० मीटरची शर्यत असते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते.

पर्जन्यछायेतील सोलापूर जिल्ह्यात पोहणे पूर्वापार विहिरीत शिकले जाई. कमरेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधून मूल पाण्यात सोडायचे, ही रीत जुन्या पिढीला सांगावी लागत नाही. जाधव यांना पोहणे घरातच मिळाले. वडील नारायण जाधव स्वतः राज्य पातळीवर पोहलेले असल्याने त्यांनी मुलाला लहानपणीच पाण्यात उतरवले. २००४ मध्ये, सहावीत असताना, विजेचा धक्का बसून सुयश यांचे दोन्ही हात कोपराखाली काढावे लागले. पुढे पुण्यात तपन पाणिग्रही यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची तयारी झाली.

त्यांच्याविषयी ‘पहिला भारतीय’ हे विशेषण सर्रास वापरले जाते. त्याला मर्यादा घालणे आवश्यक आहे. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्येच हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक ३७.३३ सेकंदांत मिळवले होते आणि बंगळुरूचे शरत गायकवाड २०१२ मध्ये लंडनला पोहले होते. जाधव यांचे पहिलेपण ‘ए’ पात्रता निकषापुरते (स्पर्धेत प्रवेशासाठी ठरवलेल्या वेळेपुरते) आहे. २०१६ च्या रिओ पॅरालिंपिकसाठी तो निकष पूर्ण करणारे ते पहिले भारतीय जलतरणपटू ठरले आणि भारताच्या १९ जणांच्या पथकातील एकमेव जलतरणपटूही तेच होते. तेथे पदक मिळाले नाही.

२०१८ च्या जकार्ता येथील आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत त्यांनी ५० मीटर बटरफ्लाय एस–७ शर्यत ३२.७१ सेकंदांत जिंकली. शिवाय ५० मीटर फ्रीस्टाइल आणि २०० मीटर मिश्र शर्यतीत कांस्यपदके मिळवली. मिश्र शर्यतीतील पदकाची चर्चा कमी होते. वास्तविक एकाच शर्यतीत चारही प्रकार पेलण्याची कसोटी तीत असल्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते अधिक बोलके आहे. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार देण्यात आला.

कोरोनामुळे २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये सर्दी व घशाच्या त्रासामुळे त्यांना २०० मीटर मिश्र शर्यत सोडावी लागली. १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक एसबी–७ शर्यतीत ते बाद ठरवले गेले. कारण नियमाने दिलेल्या एका डॉल्फिन किकपेक्षा जास्त किक त्यांच्याकडून मारल्या गेल्या, असा पंचांचा निर्णय होता. ५० मीटर बटरफ्लायमध्येही ते उतरले. तेथेही पदक हाती आले नाही.