पाहुणे येताहेत, चार दिवस आहेत: मध्य प्रदेश बघायचा कसा?

दिवाळीच्या आधी इंदूरच्या आमच्या सहल कार्यालयात येणारे निम्मे फोन एकाच चालीचे असतात. "पुण्याहून नणंद येतेय, सोबत दोन मुलं. चार दिवस आहेत. कान्हा, खजुराहो, सांची आणि जमलंच तर पचमढी, एवढं बसवून द्या."

बसवून देता येतं. गाडी आहे, चालक आहे, नकाशावर रेघ ओढायला काही लागत नाही. पण मग ते चार दिवस पाहुण्यांचे राहत नाहीत, गाडीचे होतात. मुलांना आठवतो तो ढाब्यावरचा पनीर आणि मागच्या सीटवरची ओकारी. म्हणून हे पत्रक. पैसे भरण्याआधी घरातल्या मंडळींनी एकदा वाचावं.

आधी नकाशा

मध्य प्रदेश जवळजवळ महाराष्ट्राएवढा आहे, किंचित मोठाच. पुण्याहून गडचिरोलीला कुणी दोन दिवसांत जाऊन येत नाही, पण इंदूरहून कान्ह्याला मात्र "असंच जाऊन येऊ" म्हणतात. इंदूर राज्याच्या पश्चिमेला. कान्हा, बांधवगड, पेंच, पन्ना ही वाघांची नावाजलेली जंगलं पूर्वेकडे. आपल्या हाताशी आहे तो माळवा आणि निमाड: उज्जैन, मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर. सगळी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर.

आता एक गोष्ट आमच्या धंद्याच्या विरुद्ध सांगतो. पाहुण्यांना फक्त पेंच आणि कान्हाच बघायचं असेल, तर त्यांना इंदूरला आणूच नका. थेट नागपूरला उतरू द्या. पेंचचं तुरिया फाटक तिथून शंभर किलोमीटरही नाही, आणि वाटेत महामार्ग जंगलात ठिकठिकाणी खांबांवर उचललेला दिसतो. वरून ट्रक, खालून जनावरं. मुलांना तो नक्की दाखवा.

इंदूरहूनच निघायचं असेल तर रात्रीची जबलपूर ओव्हरनाइट रेल्वे धरा. सकाळी जबलपूर, न्याहारी, भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुआंधार धबधबा, मग दुपारनंतर कान्ह्याच्या खटिया फाटकाकडे चार तासांचा रस्ता. कारनं इंदूर ते कान्हा एका दमात करू नका. आम्ही ते बुकिंग घेतच नाही.

मग पंचांग

ठिकाणापेक्षा महिना आधी ठरवा. व्याघ्र प्रकल्पांचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. त्या दिवसांत गाभ्याभोवतीच्या बफर क्षेत्रातल्या काही फेऱ्या चालू असतात, पण त्या वेगळ्या. गाभ्याची अपेक्षा धरून जाऊ नका. उघडल्यानंतरही बुधवारी दुपारची फेरी नसते. गुरुवारी परतीची गाडी काढून बुधवारच्या दोन फेऱ्या मागणारे दर वर्षी भेटतात.

याच्या नेमकं उलट मांडूचं. जंगल बंद होतं तेव्हा मांडू उघडतं म्हणा ना. ऑगस्टात जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव, मुंज आणि कपूर, भरले की त्या इमारतीला जहाज का म्हणतात हे सांगावं लागत नाही. मे महिन्यात तीच वास्तू बघून "यात काय जहाज?" असं विचारणारे काका आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मात्र रूपमतीच्या महालावरून नर्मदेची रेघ बघायची असेल तर ढग नकोत. त्यासाठी नोव्हेंबर-डिसेंबरची स्वच्छ सकाळ लागते. दोन्ही एका फेरीत मिळत नाही.

श्रावणातले शनिवार-रविवार टाळा. अर्धं इंदूर घाटावर असतं.

वाघाबद्दल स्पष्ट

आम्ही जंगलाची फेरी विकतो, वाघ विकत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, जनावरं पाणवठ्यावर येतात, झाडी विरळ होते, त्यामुळे दिसण्याची शक्यता वाढते. पण उघड्या जिप्सीत बेचाळीस अंशांत बसण्याची तयारी हवी. आजी-आजोबा सोबत असतील तर फेब्रुवारी-मार्च बरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे इतकी थंडी असते की स्वेटरवर स्वेटर, कानटोपी आणि वर घोंगडी घेऊनही दात वाजतात. गाडी उघडी असते हे लोक विसरतात.

फेरी मोजकी घ्या, पण एकाच जंगलात घ्या. तीन जंगलांत एकेक फेरी मारण्यापेक्षा एका जंगलात तीन फेऱ्या केल्या तर कान तयार होतो. पहिल्या दिवशी सगळे आवाज सारखेच. तिसऱ्या फेरीला चितळाची तीक्ष्ण शीळ, वानराचं खोकल्यासारखं खेकसणं आणि सांबराचा दबका ठणका वेगळा ओळखू येतो. वाघाची चाहूल लागून सांबर ओरडलं की गाईड पुढे वाकतो. त्यानंतर वाघ दिसो न दिसो, ती पाच मिनिटं कुणी विसरत नाही.

कान्ह्यात तर वाघामागे धावून बारशिंग्याकडे पाठ फिरवू नका. कठीण जमिनीवर राहणारी ही जात १९७० साली ६६ वर आली होती. कुंपण घालून, गवताळ माळ सांभाळून ती तिथं वाचवली, इतकी की पुढे सातपुडा व्याघ्र प्रकल्पातही नेऊन सोडली. आज तो मध्य प्रदेशाचा राज्यप्राणी आहे. ज्या माळांवर ते चरतात त्यातले कित्येक माळ म्हणजे उठवलेल्या गावांची जुनी शेतं. हे ऐकून आमच्या एका ग्राहक काकूंनी गाईडला विचारलं, "मग ती माणसं कुठे गेली?" प्रश्न बरोबर होता. गाईडचं स्वतःचं आजोळ त्यातलंच निघालं, आणि उरलेली फेरी त्याच गप्पांत गेली.

पन्ना आम्हांला कथेसाठी आवडतं. २००९ सालापर्यंत तिथं एकही वाघ उरला नव्हता. बांधवगड आणि कान्ह्यातून वाघिणी आणल्या, पेंचहून नर आणला. नर राहिना. तो दक्षिणेला, आपल्या पेंचच्या दिशेनं चालत सुटला. वनखात्याची माणसं हत्ती घेऊन त्याच्या मागे, महिनाभर. शेवटी बेशुद्ध करून परत आणला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये पन्नात पहिले बछडे जन्मले. आज तिथं फिरणारे बरेचसे वाघ त्याच घराण्यातले. पन्नाचं मडला फाटक खजुराहोपासून पाऊण तासावर आहे, तेव्हा हे दोन्ही एकत्र करा. सकाळी जंगल, दुपारी झोप, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर कंदारिया महादेव. खजुराहोची देवळं चंदेलांची, साधारण ९५० ते १०५० या काळातली. मुलांसोबत तिथं जायला संकोच वाटतो असं काही जण हळूच फोनवर सांगतात. शिल्पांत तो भाग थोडा आहे. बाकी सगळीकडे हत्ती, नर्तकी, पत्र लिहिणारी बाई आणि पायातला काटा काढणारी बाई आहे. मुलं तेच बघतात.

सातपुडा मात्र आमचं लाडकं. मढईला देनवा नदी नावेनं ओलांडून जंगलात शिरायचं, ही सुरुवातच वेगळी. गर्दी कमी, वाघ क्वचित, पण अस्वल, गवे आणि शेकरू. महाराष्ट्राचा राज्यप्राणी मध्य प्रदेशात येऊन बघायचा, ही गंमत पाहुण्यांना आवडते. जवळचं स्टेशन सोहागपूर. तिथून पचमढी जोडता येतं. धूपगड (सुमारे १,३५० मीटर) हे साऱ्या सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर, सूर्यास्ताला जा. नागपंचमीच्या सुमारास मात्र पचमढीत खोली मागू नका. नागद्वारच्या यात्रेला सारा विदर्भ लोटलेला असतो. यात्रेलाच जायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग चालण्याची सवय आधी दोन महिने लावा.

कुनो राष्ट्रीय उद्यानाबद्दल हल्ली रोज विचारणा होते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ चित्ते तिथं आले, नंतर दक्षिण आफ्रिकेहून बारा. चित्ता दिसेलच असं सांगून आम्ही कुणाला नेत नाही. शिवपुरीचं माधव राष्ट्रीय उद्यान वाटेत येतं, ते २०२५ साली व्याघ्र प्रकल्प झालं. शिवपुरीत थांबलात तर तात्या टोपेंना जिथं १८ एप्रिल १८५९ रोजी फाशी दिलं त्या जागी पाच मिनिटं उभे राहा आणि शिंद्यांच्या छत्र्या बघा. आग्र्याचा रस्ता इंदूरहून सरळ तिथं जातो.

जुनी ठिकाणं, आपल्या नजरेनं

भोपाळला एक मुक्काम करून सांची आणि भीमबेटका एकेका सकाळी होतात. दोन्ही एका दिवसात करणारे असतात. ते दुपारी भीमबेटक्याला पोचतात आणि तापलेल्या खडकावर चिडचिड करतात.

भीमबेटका आपल्या उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९५७ साली शोधलं. आगगाडीतून जाताना त्यांना ते खडक दिसले, वेगळे वाटले, आणि ते बघायला गेले. असं गाडीतून उतरून बघणारे लोक आता राहिले नाहीत, सगळे मोबाइलात असतात. असो. तिथल्या शेकडो शैलाश्रयांपैकी (खडकांच्या आडोशांपैकी) पंधराएक पाऊलवाटेवर बघायला मिळतात. पांढऱ्या रंगातली जनावरं, तांबड्या रंगातले घोडेस्वार, एकावर एक काढलेली. स्थानिक गाईड घ्याच, नाहीतर अर्धी चित्रं डोळ्यांसमोरून निघून जातात. खायला-प्यायला सोबत न्या.

सांचीला बहुतेक जण स्तूपाला एक फेरी मारतात, फोटो काढतात आणि निघतात. दक्षिणेच्या तोरणापाशी जरा थांबा. त्यावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाचा लेख आहे. हा सातकर्णी सातवाहन, म्हणजे आपल्या पैठणचा. त्याच तोरणावर आणखी एक लेख सांगतो की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केलं. हे कळल्यावर त्या दगडाकडे पुन्हा बघा, एवढी बारीक नक्षी दगडात कुठून आली ते लक्षात येतं. तिथलं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांवर तिकीट लागत नाही, तेव्हा शाळेचं ओळखपत्र खिशात ठेवा.

मांडूत माळव्याच्या सुलतान होशंगशाहची कबर चुकवू नका. शाहजहानच्या काळात बांधकामात वाढलेले उस्ताद १६५९ साली ती बघायला आले होते, तसा लेख दारावर आहे. चढणीवर मिळते ती "मांडव की इमली" म्हणजे आपली गोरखचिंच, आफ्रिकेकडचं झाड. आंबट असते, पण मुलं एक फळ फोडून दिवसभर चघळतात. जेवायला दाल-पानिये मागा. मक्याचं पीठ आकड्याच्या, म्हणजे रुईच्या, पानांत भाजलेलं.

महेश्वरला दिवसाची फेरी करू नका, मुक्काम करा. पहाटे सहाला घाट रिकामा असतो, नर्मदेवर धुकं, आणि वर किल्ल्यात अहिल्याबाईंची ती साधी गादी. साडी घ्यायची असेल तर आधी माग चालताना बघा, मग भाव करा. उलट केलं तर भावच करवत नाही. आणि वेळ असेल तर गाडी जरा वाकडी करून सनावदजवळच्या रावेरखेडीला चला. थोरल्या बाजीरावांची समाधी तिथं नर्मदाकाठी आहे. २८ एप्रिल १७४० रोजी ते तिथंच गेले. पुण्याच्या पाहुण्यांपैकी दहांतल्या नऊ जणांना ही समाधी इथं आहे हे माहीत नसतं. बघायला फार काही नाही, ओटा आणि नदी. तरी तिथून येताना गाडीत कुणी फारसं बोलत नाही.

बुकिंगच्या कटकटी

जंगलाचा परवाना नावावर निघतो, ओळखपत्राच्या क्रमांकासकट. जे ओळखपत्र दिलं तेच मूळ सोबत हवं. मागच्या हंगामात एका जावईबापूंनी आधारचा क्रमांक दिला आणि फाटकावर वाहन परवाना काढला. त्यांना बाहेर बसावं लागलं, सासूबाई आत गेल्या. ऐनवेळी "माझ्याऐवजी भाऊ जाईल" हेही चालत नाही.

एका जिप्सीत सहा प्रवासी. तुम्ही सात असाल तर दोन गाड्या लागतात. लहान मुलांसह मोजून सांगा. दिवाळी, नाताळ आणि होळीच्या सुट्टीच्या जागा महिनोन्‌महिने आधी भरतात, त्यामुळे गणपतीत दिवाळीचं विचारा, दिवाळीत नाही. परवाना एकदा निघाला की त्याचे पैसे आम्हांला परत मिळत नाहीत, म्हणून तुम्हांलाही देता येत नाहीत. हॉटेल आणि गाडीचं जमवून घेऊ.

कपडे मातकट, हिरवे. अत्तर नको. गाडीतून उतरायचं नाही, हाक मारायची नाही, आणि मोबाइल बॅगेत.

फोन करताना इतकं सांगा: महिना कुठला, माणसं किती, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं कोण, जिने चढायला कुणाला त्रास आहे का, आणि उपास कुणाचा आहे. शेवटचं विसरू नका. कान्ह्याच्या फाटकावर एकादशीला साबुदाणा मिळत नाही. तो आम्ही इथूनच भिजवून पाठवतो.