भूकंपाचा अलर्ट मोबाईलवर हवाय? अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

आधीच सांगून टाकतो, याला फॉर्म नाही, फी नाही आणि कागदपत्रं तर काहीच नाहीत. भूकंपाच्या अलर्टसाठी नाव नोंदवा, ओळखपत्राचा फोटो पाठवा, ओटीपी सांगा असा मेसेज आला तर सरळ डिलीट मारा. इथे पात्रता माणसाची बघत नाहीत, फोनची बघतात आणि त्या क्षणी तुम्ही कुठे आहात ते बघतात.

अँड्रॉइड असेल तर व्हर्जन ५ किंवा पुढचं, इंटरनेट चालू, लोकेशन चालू, बस. सेटिंग्जमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' मध्ये 'अर्थक्वेक अलर्ट्स' असतं, नाही दिसलं तर लोकेशनच्या पानावर शोधा, कंपनीगणिक जागा बदलते. तिथेच डेमो बघायची सोय आहे. मी स्वतःच बटण दाबलं होतं तरी दचकलो, म्हणून घरात कोणी झोपलं असेल तर नंतर बघा.

अलर्ट दोन प्रकारचे, दोन्ही ४.५ किंवा जास्त तीव्रतेच्या भूकंपाला. तुमच्याकडे हलका धक्का अपेक्षित असेल तर साधं नोटिफिकेशन येतं आणि फोन सायलेंट असेल तर ते गप्पच राहतं. जोराचा धक्का असेल तर मात्र 'डू नॉट डिस्टर्ब' वगैरे काही न जुमानता स्क्रीन पेटते आणि फोन ठणाणा करतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या राज्यांत शेकअलर्ट नावाची यंत्रणा जमिनीतल्या सेन्सरवर चालते. तिथे मायशेक ॲप ४.५ पासून कळवतं, पण सरकारी इमर्जन्सी मेसेज ५ पासून पुढेच येतो. तो टॉवरवरून त्या भागातल्या सगळ्या फोनना एकदम जातो, त्याला ना ॲप लागतं ना डेटा, नंबरही कोणाकडे नोंदवावा लागत नाही. जपानमध्ये २००७ च्या ऑक्टोबरपासून टीव्ही-रेडिओवरूनही सगळ्यांना इशारा मिळतो आणि मेक्सिको सिटीत तर रस्त्यावरचे भोंगेच वाजतात, म्हणजे फोन नसला तरी चालतं.

आता किती वेळ मिळतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. हे भाकीत नाही, भूकंप झालेला असतो. पहिल्या, कमी नुकसान करणाऱ्या लाटा सेकंदाला साधारण ६ किलोमीटर पळतात, जोरात हलवणाऱ्या ३.५ च्या आसपास, आणि मेसेज दोन्हींपेक्षा कितीतरी वेगाने जातो. केंद्रापासून ७० किलोमीटरवर असाल तर मोठा धक्का यायला साधारण २० सेकंद लागतात, त्यातले काही ओळखण्यात आणि पाठवण्यात जातात, म्हणजे तुमच्या हाती दहाएक सेकंद. अगदी केंद्राजवळ असाल तर आधी घर हलेल आणि मग फोन वाजेल, त्यात बिघाड काही नाही, तेवढ्या अंतरात वेळच उरत नाही. म्हणून वाजला की मेसेज वाचत बसू नका, खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबलाचा पाय घट्ट धरा, आणि जिन्याकडे पळू नका.

आणि हो, रात्री फोन एअरप्लेन मोडवर टाकायची सवय असेल तर त्यावर कुठलाच अलर्ट येणार नाही, वायफाय चालू ठेवलंत तर ॲपवाले येतील, टॉवरवाले तरीही नाहीत.