न दुखणारे खडे

कंबर दुखते म्हणून किंवा ऑफिसच्या हेल्थ चेकअपसाठी नागपूरच्या धंतोलीत सोनोग्राफीला गेलेला माणूस कधीकधी भलताच रिपोर्ट घेऊन येतो. खाली एक ओळ असते: पित्ताशयात ८ मिमीचा खडा. दुखत काहीच नसतं. तरी संध्याकाळपर्यंत घरात ऑपरेशनची चर्चा रंगते आणि शेजारच्या काकू पानफुटीची पानं घेऊन हजर होतात. (ती पानं लोक मूतखड्यासाठी खातात. पित्ताशयाचा आणि लघवीच्या वाटेचा काडीचा संबंध नाही.)

असे मुके खडे असतात तरी किती जणांना? दवाखान्याच्या आकड्यांवरून ते कळत नाही, कारण तिथे येतो तो बहुतेक कळ आलेलाच. सोनोग्राफी आली तशी धडधाकट माणसं तपासणं सोपं झालं. पाश्चात्त्य देशांत साधारण १० ते १५ टक्के प्रौढांत खडे निघाले. काश्मीरमधल्या एका पाहणीत सुमारे ६ टक्के, आणि बायकांत पुरुषांच्या तिप्पट. आपल्याकडे उत्तर-दक्षिण असाही फरक आहे: १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात उत्तरेत हे दुखणं दक्षिणेच्या सातपट आढळलं होतं.

खडे आहेत, मग पुढे काय? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या १२३ अध्यापकांत चाचणीत असे मुके खडे सापडले होते. डॉक्टरांनी त्यांचा पुढचा प्रवास तपासला आणि १९८२ साली निष्कर्ष छापला: १५ वर्षांत कळ येण्याची शक्यता जेमतेम १८ टक्के. म्हणूनच त्रास नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन सुचवत नाहीत. ३ सेंटीमीटरहून मोठा खडा किंवा १ सेंटीमीटरहून मोठा पॉलिप (पित्ताशयाच्या आतल्या भिंतीवरची गाठ) असेल तर गोष्ट वेगळी.

खरी कळ ओळखू येते. सावजीचं तर्रीदार जेवण झालं की रात्री वरच्या पोटात, मधोमध किंवा उजवीकडे, दुखायला लागतं, उजव्या खांद्यापर्यंत जातं आणि तासभर तरी हलत नाही. 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊन ते थांबत नाही. सोबत ताप किंवा कावीळ असेल तर सकाळची वाट पाहू नये.

विदर्भात खडे होण्याचं आणखी एक कारण आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातलं बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य पित्तात साचतं आणि काळे खडे बनतात, तेही शाळकरी वयात. अशा मुलाचे डोळे एरवीही पिवळसर असतात, त्यामुळे पित्ताच्या नळीत खडा अडकल्याची कावीळ नजरेतून सुटू शकते. पिवळेपणा नेहमीपेक्षा वाढला आणि पोटही दुखतंय, तर त्याची सोनोग्राफी लगेच करून घ्यावी.