इन्स्टंट गिझर बिल फुगवतो?

‘तीन किलोवॅटचा आहे, बिल बघून डोळे पांढरे होतील!’ इन्स्टंट गिझर (पाणी साठवून न ठेवता वाहतंच तापवणारा) घ्यायचा म्हटलं की हे कुणीतरी सांगतंच. पण बिल येतं युनिटचं, म्हणजे एकूण वापरलेल्या विजेचं; किलोवॅटचं, म्हणजे वीज ओढण्याच्या वेगाचं नाही. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला साधारण ०.३५ युनिट लागतं, गिझर २ किलोवॅटचा असो वा ३ चा. मोठा फक्त लवकर उरकतो. उलट टाकीचा गिझर तासन्‌तास चालू ठेवला, तर साठलेलं पाणी निवत राहतं आणि तो पुन्हापुन्हा तापवतो. ती वीज फुकट जाते. (टाकीचा गिझर आंघोळीपुरताच लावून बंद करणाऱ्यांनी मात्र इन्स्टंट घेऊन मोठ्या बचतीची आशा धरू नये.)

खरी अडचण वेगळीच आहे. तीन किलोवॅट म्हणजे सुमारे १३ अँपिअर; त्याला १६ अँपिअरचा पॉइंट आणि तशी जाड वायर हवी. मोबाइल चार्जरच्या सॉकेटवर हा चालवायचा नाही. शिवाय धार बारीक. नाशिकच्या थंडीत नळाचं पाणी १२ अंशांवर आलं, तर ४० अंशांचं पाणी मिनिटाला दीड लिटरच मिळेल, म्हणजे बादली भरायला दहा मिनिटं. शॉवरची हौस असेल तर टाकीचाच घ्या.