बॉरो आणि लेंड: 'उसने' बघू नका, 'कडून' आणि 'ला' बघा

नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो तेव्हाची गोष्ट. भोक मापात आहे की नाही ते बघायचा आमचा प्लग गेज झिजला होता, म्हणून पुण्याच्या ग्राहकाकडून दोन गेज चार दिवसांच्या बोलीवर आणले. शनिवारी फर्स्ट शिफ्ट सुटताना त्यांना इंग्रजीत मेल टाकला. म्हणायचं होतं, 'तुमचे दोन गेज उसने घेतलेत, सोमवारी परत करतो.' लिहिलं, 'वी हॅव लेंडेड युवर टू गेजेस.' अर्ध्या तासात फोन आला. "साहेब, आमचे गेज तुम्ही परस्पर कोणाला दिलेत?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्या वाक्याचा अर्थच तो होता: तुमची वस्तू आम्ही तिसऱ्याला वापरायला दिली.

आपली गल्लत कुठे होते ते बघा. मराठीत शब्द एकच, 'उसने'. दिशा ठरते ती पुढच्या घेण्या-देण्यावरून. इंग्रजीत 'उसने' असा सुटा शब्द मिळत नाही, दिशा क्रियापदाच्या पोटातच असते. बॉरो म्हणजे उसने घेणे, लेंड म्हणजे उसने देणे. पण शाळेत आपण दोन्हींसमोर 'उसने' एवढंच ठळक पाठ करतो आणि शेपूट विसरतो. शिवाय लेंड म्हटलं की मागच्या बाकावर लेंड्यांवरून खसखस पिकायची, त्यात सरांचं अर्धं बोलणं वाहून जायचं.

मला पुढे उपयोगी पडली ती विभक्ती. मनातलं मराठी वाक्य पूर्ण म्हणा आणि माणसाच्या नावाला काय चिकटलंय ते बघा. 'मामाकडून छत्री घेतली': 'कडून' आलं की बॉरो, आणि त्याच्यासोबत फ्रॉम. 'मामाला छत्री दिली': 'ला' आलं की लेंड, आणि त्याच्यासोबत टू. 'आय बॉरोड अ‍ॅन अम्ब्रेला फ्रॉम मामा.' 'आय लेंट अ‍ॅन अम्ब्रेला टू मामा.' लेंडच्या बाबतीत माणूस आधी आला तर टू गळून पडतो: 'आय लेंट मामा अ‍ॅन अम्ब्रेला.' बॉरोला ही सवलत नाही. म्हणून 'बॉरो मी युवर पेन' हे वाक्य प्रमाण इंग्रजीत उभंच राहत नाही. तिथे 'लेंड मी युवर पेन' तरी म्हणा, नाहीतर कर्ता बदलून 'कॅन आय बॉरो युवर पेन?' विचारा. बँकेत स्लिप भरताना शेजारच्याला आपण 'काका, जरा पेन देता का?' म्हणतो. मराठीत कर्ता काका. इंग्रजीत मात्र हीच विनंती बहुतेकदा 'मी' पासून सुरू होते. ही कोलांटी जमली की निम्मं काम झालं.

भूतकाळ चटकन सांगतो. बॉरोचं बॉरोड, लेंडचं लेंट. 'लेंडेड' नाही. गंमत म्हणजे लेंडमधला 'ड' मूळचा नाहीच. जुन्या इंग्रजीतल्या क्रियापदाला तो नव्हता, भूतकाळी रूपातून तो पुढे मूळ रूपात शिरला. मी त्याच्यावर आणखी एक चढवला होता.

एक बारीक खोच राहते. बॉरो ही घेण्याची क्रिया आहे, जवळ ठेवण्याची नाही. आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, म्हणजे १८४० पासून चालत आलेल्या सावानातून, पुस्तक आणलंत तर ज्या दिवशी आणलं त्या दिवशी बॉरो झालं. 'सोमवारपासून पुस्तक माझ्याकडे आहे' हे सांगताना 'आय हॅव बॉरोड इट सिन्स मंडे' खटकतं. 'आय हॅव हॅड इट सिन्स मंडे' म्हणायचं. जागेवरून हलत नाही ती वस्तूही बॉरो होत नाही. पाहुण्यांकडे जाऊन टॉयलेट बॉरो करू नका, यूज करा. आणि विरजण? इंग्रज शेजारीण वाटीभर साखर खुशाल बॉरो करते, पण विरजण परत करायचं कोणाच्या मनातही नसतं. तिथे मी सरळ 'कुड आय हॅव अ लिटल' म्हणेन.

पैशात ही जोडी सगळ्यात स्वच्छ दिसते. निफाडचा द्राक्षवाला विकास सोसायटीकडून पीककर्ज घेतो. सोसायटी तेच पैसे जिल्हा बँकेकडून आणते, आणि जिल्हा बँक वर राज्य सहकारी बँकेकडून. मधल्या सोसायटीकडे बघा: खालच्या शेतकऱ्यासाठी ती लेंडर, वरच्या बँकेसाठी बॉरोअर. माणूस तोच, पैसा तोच, तुम्ही कोणत्या पायरीवर उभे राहून बोलताय त्यावर क्रियापद बदलतं. रेपो दराची बातमीही अशीच वाचा. त्या व्याजदराने रिझर्व्ह बँक लेंड करते, बाकीच्या बँका बॉरो करतात. जुन्या इंग्रजीत बॉरोच्या मुळाशी जो शब्द आहे त्याचा अर्थच तारण, हमी असा होता. सोसायटीच्या सचिवाला हे सांगितलं तर तो म्हणेल, मग त्यात नवीन काय?

लाक्षणिक वापरात दोन्ही भाषा बऱ्याच जवळ येतात. आपण कान देऊन ऐकतो, इंग्रज कान लेंड करतो. अडल्याला आपण हात देतो, तो हात लेंड करतो.

वजाबाकीतही इंग्रज बॉरोच करतो. ५२ मधून १७ वजा करताना पुतण्या दशकाच्या घरातून एक उसना घेतो, पाचाचे चार करतो, उत्तर ३५. माझी आई वेगळं करायची. "बारातून सात गेले पाच, हातचा एक. एक नि एक दोन, पाचातून दोन गेले तीन." उत्तर तेच ३५. पण तिचा एक खालच्या आकड्यात परत जायचा. या पद्धतीला इंग्रजीत 'बॉरो अँड पे बॅक' म्हणतात. पुतण्याला हे दाखवलं तर म्हणतो, "काका, मग माझं कर्ज बुडीत का?"