फोनवरचं ‘आयपी६८’ आणि कॅमेऱ्यावरचं ‘१५ मीटर’: स्नॉर्केलिंगला काय न्यावं?

अंदमानची तिकिटं निघाली किंवा मालवणला जायचं ठरलं की एक प्रश्न हमखास येतो. फोन आयपी६८ आहे, म्हणजे वॉटरप्रूफच झाला. मग पाण्यात फोटो काढायला वेगळा कॅमेरा कशाला? प्रश्न रास्त आहे. पाण्यात चालणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकातही आयपीचा तोच ८ आकडा असतो. ओएम सिस्टिमचा, म्हणजे पूर्वीच्या ऑलिंपसचा, टफ टीजी-७ घ्या: पाण्याच्या रकान्यात ८. हातातला फोन घ्या: पाण्याच्या रकान्यात ८. दोन्ही खिशात मावतात, दोन्ही फोटो काढतात. तरी एक वस्तू समुद्रात न्यायलाच केलेली आहे आणि दुसरी चुकून पाण्यात पडली तर वाचावी म्हणून सांभाळलेली आहे. हा फरक आकड्यात दिसत नाही.

आठाची खोली ठरलेली नाही

आयपी ही आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकातली खूण. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीचा ६ म्हणजे धूळ आत जात नाही. पाण्याचा ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. इथपर्यंत सगळं सरळ आहे. ८ ला मात्र मानकाने खोली ठरवून दिलेलीच नाही. ७ पेक्षा कडक कसोटी कंपनीने ठरवायची, ती जाहीर करायची आणि वस्तू तीत टिकली की ८ लावायचा. त्यामुळे सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेचा ८ म्हणजे गोड्या पाण्यात १.५ मीटर, ३० मिनिटं. आयफोन १२ पासूनच्या मुख्य मालिकेचा ८ म्हणजे ६ मीटर, ३० मिनिटं. टीजी-७ चा ८ म्हणजे १५ मीटर. आकडा एकच, खोली दहापट.

हल्ली काही फोनवर आयपी६९ असंही लिहिलेलं दिसतं आणि दुकानदार ‘हा तर अजून खोल जातो’ म्हणून सांगतो. तसं काही नाही. ९ ही गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याची कसोटी आहे: ८० अंश सेल्सिअसचं पाणी, ८० ते १०० बार दाब, अगदी जवळून. यंत्रं धुण्याच्या दृष्टीने ती कामाची. बुडण्याशी तिचा संबंध नाही. उलटही खरं आहे. नुसता ८ असलेल्या वस्तूची फवाऱ्याची चाचणी झालेलीच असेल असं नाही. म्हणून समुद्रातून आल्यावर फोन काय, कॅमेरा काय, जोरात सोडलेल्या नळाखाली किंवा बीचवरच्या शॉवरखाली धरू नये. बादलीतल्या साध्या पाण्यात बुडवून ठेवावा.

मग ६ मीटरवाला फोन का पुरत नाही?

स्नॉर्केलिंगमध्ये आपण पाण्यावर तरंगत असतो, आपल्याकडे तर बहुधा लाइफ जॅकेट घालूनच. हात लांब केला तरी कॅमेरा जेमतेम मीटरभर खाली जातो. १० मीटर खाली गेल्यावर पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, म्हणजे आपल्या हातात त्याचा दहावा हिस्सा. आकड्यांच्या हिशेबाने फोन पुरायला हवा.

‘पाण्यात हात हलवला की दाब कितीतरी वाढतो’ असं इंटरनेटवर ठामपणे सांगितलेलं आढळतं. हिशेब केला तर त्यात फारसा दम नाही. सेकंदाला २ मीटर वेगाने हात फिरवला तर पडणारा जास्तीचा दाब साधारण २० सेंटीमीटर खोलीइतका. होडीवरून उडी मारणं मात्र वेगळं. अडीच मीटर उंचीवरून पडलात तर वेगामुळेच अडीच मीटर खोलीइतका दाब त्या क्षणी बसतो, आपटण्याचा झटका वेगळा. १.५ मीटरवाल्या फोनात पाणी शिरायला तेवढं पुरे. टीजी-७ च्या पुस्तिकेतही कॅमेरा घेऊन उंचावरून उडी मारू नका असं बजावलेलं आहे.

खरी गोष्ट अशी की स्नॉर्केलिंगमध्ये फोन खोलीने मरत नाही. तो मिठाने आणि वयाने मरतो.

कसोटी होते ती नव्या कोऱ्या फोनची, गोड्या आणि स्थिर पाण्यात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाणी चार्जिंगच्या भोकात शिरतं, स्पीकरच्या जाळीत बसतं, वाळल्यावर मागे मिठाचे कण राहतात. ओलसर भोकात चार्जर लावला की वीज आणि मीठ मिळून धातू खायला लागतात, आणि त्याचा परिणाम सहल संपून घरी आल्यावर दिसतो. कंपन्यांनी हे लपवलेलं नाही, बारीक अक्षरात लिहिलेलं आहे एवढंच. पाण्यापासूनचं हे संरक्षण कायमचं नाही, वापराने कमी होतं आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, असं अ‍ॅपल सांगतं. समुद्रकिनारी किंवा पोहण्याच्या तलावात फोन वापरू नये, असं सॅमसंग सांगतं. (फोन तांदळाच्या डब्यात खुपसण्याचा उपायही करू नये. तांदळाचे बारीक कण आत जाऊन नुकसान करतात, हेही अ‍ॅपलने लिहून ठेवलं आहे.)

आणि वय. फोनची स्क्रीन आणि पाठ आतल्या चिकट पट्टीने बंद केलेली असते. ती आपल्याला दिसत नाही, पुसता येत नाही, तपासता येत नाही. फोन दोनदा फरशीवर पडला, चौकट केसभर वाकली, किंवा नाक्यावरच्या दुकानात स्क्रीन बदलून घेतली की ती पट्टी पूर्वीसारखी राहिली आहे का, हे कोणीच सांगू शकत नाही. खोक्यावर ६८ तसाच छापलेला असतो.

कॅमेऱ्याचं सील कुकरच्या रिंगेसारखं आहे: झाकण उघडलं की समोर दिसतं, पुसता येतं, चिरलं तर बदलता येतं. बॅटरी, कार्ड आणि चार्जिंगची जागा या झाकणांच्या आड असते. ही रबरं वर्षातून एकदा बदलून घ्यावीत, वरून धडधाकट दिसली तरी, अशी शिफारस कंपनी करते. कॅमेरा घेण्याआधी दुकानदाराला मेगापिक्सेल विचारायच्या ऐवजी मी हे विचारीन: सील बदलून देणारं सर्व्हिस सेंटर कुठे आहे?

याचा अर्थ कॅमेरा अमर आहे असा नाही. त्यात पाणी शिरतं ते बहुतेकदा झाकणातूनच, आणि त्याला वाळूचा एक कण किंवा एक केस पुरतो. पाण्यात उतरण्याआधी कोरड्या मऊ कापडाने रबर आणि त्याची खाच पुसा, उजेडात धरून बघा, झाकण लावून दोन्ही खटके बसले आहेत ना ते पाहा. टीजी-७ ला दुहेरी खटका त्याचसाठी दिलेला आहे. कार्ड बदलायचं असेल तर खोलीवर बदला. हलणाऱ्या होडीत, ओल्या हातांनी तर अजिबात नको. कॅमेरा उन्हात तापलेला असताना थेट पाण्यात बुडवू नका. आतली हवा गार होऊन आकसते, बाहेरचं पाणी आत ओढलं जाण्याचा धोका वाढतो, आणि काचेच्या आतून धुकं धरतं ते वेगळंच. हे सगळं करूनही पाणी गेलं तर नुकसान वापरणाऱ्याच्या माथी मारलं जाण्याची शक्यता असतेच.

पाण्याखाली हातात धरल्यावर

इथे वाद फारसा उरत नाही. फोनची काच बोटाचा स्पर्श विजेच्या बारीक बदलावरून ओळखते. खारं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे काच गोंधळते. स्क्रीन प्रतिसाद देत नाही किंवा आपोआप काहीतरी उघडत राहते. आवाजाच्या बटणाने फोटो निघतो, पण मोड बदलणं आणि फोकस धरणं जमत नाही. टफ कॅमेऱ्याला दाबायची खरी बटणं असतात आणि स्क्रीनला हात लावावाच लागत नाही.

दोन्ही वस्तू बुडतात. टीजी-७ बॅटरी-कार्डासकट साधारण २५० ग्रॅम भरतो आणि दगडासारखा तळाला जातो. रंगीत फोमची तरंगणारी दोरी मिळते, ती मनगटाला हवीच. आणि फोन बुडाला तर त्याच्याबरोबर बँक, तिकिटं, हॉटेलचं बुकिंग आणि परतीच्या बोटीचा क्यूआर कोडही बुडतो. माझ्या लेखी वेगळा कॅमेरा घ्यायचं हे एकच कारण बाकी सगळ्यांपेक्षा मोठं आहे.

फोटोचं काय?

किनाऱ्यावर फोनच भारी. टीजी-७ मध्ये १/२.३३ इंचाचा, १२ मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. आजच्या चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर त्याहून बराच मोठा असतो. संध्याकाळच्या उजेडात, घरातल्या लग्नात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटावर हा कॅमेरा फोनपुढे फिका पडेल. अमेरिकेत २०२३ मध्ये तो आला तेव्हा किंमत ५५० डॉलर होती. एवढे पैसे एरवीच्या फोटोंसाठी घालणार असाल तर घालू नका.

पाण्याखाली मात्र गणित बदलतं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पहिल्या पाचेक मीटरमध्ये बराचसा लाल संपतो. आणि ही मोजणी नुसत्या खोलीची नसते. तीन मीटर खाली प्रवाळ आहे आणि आपण वर तरंगतोय, तर प्रकाश तीन मीटर खाली जाऊन तीन मीटर परत वर येतो: सहा मीटर पाणी. म्हणून तर वरून काढलेले सगळे फोटो एकसारखे हिरवट-निळे येतात. टीजी-७ मध्ये उथळ, मध्यम आणि खोल पाण्यासाठी वेगवेगळं रंगसंतुलन आहे, शिवाय रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) निघते, म्हणजे घरी बसून उरलासुरला लाल बाहेर काढता येतो. पण यांत्रिक मदतीपेक्षा जवळ जाणं जास्त कामाचं. पाण्यात वस्तू मोठी आणि जवळ दिसते. तीन मीटरवरचा मासा सव्वादोन मीटरवर असल्यासारखा वाटतो. आपल्याला वाटतं जवळ आलो, कॅमेऱ्यापुढे मात्र तेवढं गढूळ पाणी असतंच.

मालवण-तारकर्लीला तर हा मुद्दा अधिक. तिथलं पाणी लक्षद्वीपच्या लगूनसारखं नितळ नाही. गाळ आणि प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) बरेच. दूरचं दृश्य टिपायला गेलात तर धुरकट पडदा हाती येतो, आणि फ्लॅश लावला तर त्या कणांवर उजेड पडून फोटोभर पांढरे ठिपके. फ्लॅश बंद ठेवा आणि छोट्या गोष्टींच्या मागे लागा. टीजी-७ लेन्सपासून एक सेंटीमीटरवर फोकस करतो. खडकावरची समुद्रफुलं, शंखाच्या आत दडलेला खेकडा, प्रवाळाची एकेक तोंडं: हे त्याचं खरं राज्य, आणि गढूळ पाण्यातही ते चालतं. फक्त त्यासाठी प्रवाळावर पाय देऊन उभं राहू नका. आपल्याकडे प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी जिवंत प्राण्यावर उभं राहायचं कारण नाही.

अ‍ॅक्शन कॅमेरा हा तिसरा भिडू. गोप्रोचे अलीकडचे हिरो ब्लॅक कॅमेरे वेगळ्या खोक्याशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, व्हिडिओ स्थिर येतो, कपाळाला बांधता येतात. पण झूम नाही, नजर फार रुंद, त्यामुळे मासे ठिपक्याएवढे. व्हिडिओच हवा असेल तर तो घ्या, फोटो हवे असतील तर नको.

प्लास्टिकच्या पाऊचचं एवढंच सांगतो: फोन घालण्याआधी आत टिश्यू पेपर ठेवून तो बादलीत अर्धा तास बुडवा. कागद कोरडा राहिला तर पुढचा विचार, आणि तोही जुन्या फोनसाठी.

आता कोणी काय घ्यावं. आयुष्यात एकदा हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, जाऊन एलिफंट बीचवर तासभर पाण्यात उतरणार असाल तर काहीच घेऊ नका. बरोबरच्या गाइडला फोटो-व्हिडिओचे पैसे द्या, फोन लॉकरमध्ये ठेवा आणि डोळ्यांनी बघा. दरवर्षी समुद्रावर जाणारे, पावसात ट्रेक करणारे, नदीत उतरणारे, लहान मुलांच्या हातात कॅमेरा देणारे असाल तर टफ कॅमेरा वसूल होतो. टीजी-७ शिवाय २०२४ मध्ये आलेला पेंटॅक्स डब्ल्यूजी-८ आहे, तो २० मीटरचा.

जुन्या बाजारात निकॉन डब्ल्यू३०० (३० मीटर), पॅनासॉनिक एफटी७ (३१ मीटर) आणि फुजीफिल्म एक्सपी१४० (२५ मीटर) अजून दिसतात, आणि आकडे बघून टीजी-७ पेक्षा सरस वाटतात. हे कॅमेरे आता बनत नाहीत. त्यांचं रबरही कॅमेऱ्याइतकंच जुनं झालेलं आहे, ते बदलून देणारं कोणी सापडेलच असं नाही, आणि विकणाऱ्याने कॅमेरा कितीदा आपटला हे तो सांगणार नाही. स्वस्तात मिळाला तर पावसात वापरायला घ्या. समुद्रात घेऊन उतरू नका.